पाडव्याला वांगी पेरावीत का?

गुढीपाडवा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. त्या दिवशी कोणी सोने घेते, कोणी दुचाकी, तर कोणी बिल्डरच्या नावाने बोटे मोडत फ्लॅटचा ताबा. प्रत्येक सोसायटीत मात्र नुकतेच निवृत्त झालेले एक काका असतात, त्यांना यातले काहीच नको असते. कडुलिंबाची पाने, गूळ, ओवा, हिंग, चिंच असा प्रसाद तोंडात टाकून चेहरा पूर्ववत व्हायच्या आत ते जाहीर करतात, "यंदापासून भाजी विकत आणायची नाही. गच्चीवर पिकवायची."

"आजची विकतचीच आहे, चालेल ना?" काकू विचारतात. "की श्रीखंड नुसतंच खाणार?"

असे काका ठाण्यातही असतात आणि नाशकातही. ही हकीकत पुण्यातल्या काकांची, २०२५ च्या पाडव्यापासूनची. नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण ज्याला त्याला आपल्याच जिन्यातले काका आठवणार.

काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यामुळे बागेत माती येण्याआधी फाईल आली. नकाशा कुठे काढायचा हा पहिला प्रश्न. कालनिर्णय १९७३ पासून घराघरात आहे खरे, पण त्याच्या पानामागे कोरी जागा म्हणून सापडायची नाही. शेवटी जुन्या लग्नपत्रिका कामी आल्या. एका पत्रिकेच्या पाठीवर भेंडी, दुसरीच्या पाठीवर गवार, आणि भाच्याच्या लग्नाची पत्रिका चांगली जाड, म्हणून तीवर वांगी. गच्चीचा दहा बाय बारा फुटांचा कोपरा, आणि त्यात भाज्या सतरा.

मांडणी अर्थातच वास्तुशास्त्राप्रमाणे. आग्नेय दिशा अग्नीची, म्हणून तिथे मिरची. ईशान्य पाण्याची, म्हणून दुधी. नैर्ऋत्येला जड वस्तू ठेवाव्यात, म्हणून लाल भोपळा. इतके सगळे जमून आल्यावर काकांनी नकाशा सासूबाईंना, म्हणजे काकूंच्या सासूबाईंना, दाखवला. या आजी पंचाऐंशीच्या, घरातल्या सर्व धार्मिक बाबींत शेवटचा शब्द त्यांचा.

"ईशान्येला काय आहे रे आपल्या गच्चीवर?"

"पाण्याची टाकी."

"मग दुधीवर ऊन कुठून पडणार? सूर्य टाकीच्या मागून उगवतो ना तुझा?"

काकांनी टाकीचा प्रश्न टिपणात घेतला.

दुसरी अडचण खुद्द वसंताची होती. कवींच्या वसंतात कोकिळा गाते, मोगरा फुलतो आणि कोणाला घाम येत नाही. पंचांगातला वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, आणि चैत्रातली पुण्याची गच्ची दुपारी दोनला अशी तापते की तिथे पापड वाळतात, माणसे थांबत नाहीत. उन्हाळी भेंडी, गवार, काकडी, कारली यांचे बी टाकायचे ते साधारण जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत. पाडव्याला निघालेला माणूस महिनाभर उशिराच पोचतो. आणि काकांना नेमके हवे होते पालक, मेथी, कोथिंबीर आणि एका पाकिटावरचे चित्र आवडले म्हणून ब्रोकोली. सगळी मंडळी थंडीची.

"अहो, ही थंडीत लावतात," काकू म्हणाल्या.

"मुहूर्त बघ कसला आहे! साडेतीनपैकी एक!"

मुहूर्ताबद्दल कोथिंबिरीला काही सांगितलेले नव्हते. ती बोटभर वाढली आणि थेट फुलोऱ्यावर गेली. पालकाचेही तेच झाले, चार पाने आणि मधोमध तुरा. ब्रोकोली उगवलीच नाही, त्यामुळे तिच्याविषयी कोणाची काही तक्रार नाही.

पण हे पुढचे झाले. आधी सोसायटीची परवानगी. सेक्रेटरी हे पद भूषवणाऱ्या माणसाला जगात दोनच संकटे माहीत असतात, थकबाकी आणि लीकेज.

"काका, माती किती घालणार?"

"फूटभर."

सेक्रेटरींनी हिशेब केला नाही, पण तो करण्यासारखा होता. चौरस मीटरभर जागेवर ओल्या मातीचा फूटभर थर दिला की वजन अर्ध्या टनाच्या आसपास जाते. भारतीय मानकांप्रमाणे लोकांचा वावर असलेल्या गच्चीवर चौरस मीटरला साधारण दीडशे किलोचा चल भार धरतात. म्हणजे काकांच्या मनातला मळा पाचव्या मजल्यावर सुरू होऊन चौथ्यावर संपला असता. चौथ्या मजल्यावर स्वतः सेक्रेटरी राहतात. परवानगी मिळाली ती कुंड्यांपुरती, आणि त्याही हलक्या.

हलके म्हणजे कोकोपीट. नारळाच्या भुशाची दाबलेली पाच किलोची वीट पाण्यात टाकली की सत्तर लिटरच्या घरात फुगते, हे पाकिटावर लिहिलेले असते. काकांनी पाकीट वाचले, पण आकडा जाहिरातीचा समजून रात्री झोपताना तीन विटा एकदम न्हाणीघरातल्या टबात टाकल्या. पहाटे आजी स्नानाला गेल्या. दार उघडेना, कारण आतून कोकोपीट टेकले होते. त्या दिवशी घरातली पूजा अकरापर्यंत खोळंबली आणि देव प्रथमच पारोसे राहिले.

खताचा विषय याहून नाजूक. अमरावतीकडचे सुभाष पाळेकर यांनी नैसर्गिक शेतीचा प्रचार केला, त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, आणि त्यांचे जीवामृत आता खेड्यापेक्षा शहरातल्या व्हॉट्सअॅप गटांत जास्त ढवळले जाते. एकरी प्रमाण असे: दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. काकांची बाग १२० चौरस फूट. बँकेतल्या माणसाला भागाकार नवा नाही. जीवामृत लागणार अर्धा लिटर, हे उत्तर त्यांनी अचूक काढले. मग म्हणाले, "थोडं जास्तच करू, वाया थोडंच जाणार?" आणि पन्नास लिटरचा पिंप भरला. बेसन घरातले होते. दोन दिवसांनी पिठले करायला डबा उघडल्यावर काकूंना त्याचा शोध लागला. वासाचा शोध मात्र संपूर्ण बी विंगला आधीच लागला होता. खालच्या मजल्यावर सत्यनारायण होता. प्रसादाला आलेले पाहुणे शिऱ्याच्या वाटीकडे संशयाने बघत होते, म्हणतात.

आला महिन्याचा तिसावा दिवस, म्हणजे ३० एप्रिल, अक्षय्य तृतीया. पूर्ण मुहूर्त. या दिवशी आळी करून वेलभाज्यांचे बी टोचायची जुनी रीत आहे. वेल अक्षय फळतो असा विश्वास. या बाबतीत रीत आणि शेतीशास्त्र पुष्कळसे एका बाजूला असतात, कारण पुढे पाऊस येतो आणि वेलाला तोच लागतो. म्हणजे काका प्रथमच बरोबर वेळेला बरोबर काम करणार होते. पण त्यांनी नुसते बी टोचून समाधान मानले नाही. त्यांनी टीव्हीवर भेंडवळची बातमी पाहिली होती.

बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ गाव आहे. तिथे अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी शेतात घटमांडणी करतात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळे, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई, वडा, भजी. पानविडा म्हणजे राजा. भोवती अठरा धान्ये. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही, आणि पहाटे काय हलले, काय विरघळले, त्यावरून पाऊस, पीकपाणी आणि राजाची गादी यांचे भाकीत सांगतात. परंपरा साडेतीनशे वर्षांची मानतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाले दरवर्षी आक्षेप घेतात आणि वार्ताहर दरवर्षी पहाटे हजर असतात.

काकांनी छोटी घटमांडणी गच्चीवर केली. अठरापैकी चौदा धान्ये घरात निघाली, उरलेल्या चारांच्या जागी मॅगीचा मसाला सोडून हाताला लागेल ते ठेवले. आजींनी राजाला आपला घरचा विडा दिला. पहाटे पाचला काका वर गेले. कबुतरे त्यांच्याआधी आली होती. अठराही धान्ये साफ, भजी नाहीशी, पापडाचा चुरा, आणि राजावर एका कबुतराने आपली नाममुद्रा उमटवलेली.

"काय भाकीत?" काकूंनी चहा गाळता गाळता विचारले.

"कबुतरांना वर्ष चांगलं आहे."

हे भाकीत तंतोतंत खरे ठरले. पुण्या-मुंबईच्या गच्चीवर मावा, तुडतुडे, पांढरी माशी ही किरकोळ प्रजा, राज्य कबुतरांचेच. त्यांना हाकलायला काकांनी बुजगावणे केले, त्याला बँकेतला जुना सफारी घातला. आठवड्यात कबुतरे त्याच्या खांद्यावर बसू लागली. आजी म्हणाल्या, शाखेतही असेच होते बहुधा.

ऊन वाढले तशी काकांनी हिरवी जाळी आणली. चार बांबू, सुतळी, दोन मिस्त्री आणि गच्चीला खिळा ठोकायचा नाही ही सेक्रेटरींची अट. जाळी उभी राहिली आणि ऊन गेले. त्या वर्षीच्या मे महिन्यात पावसाने जे केले ते पुणेकर विसरलेले नाहीत. २६ मे रोजी मान्सून मुंबईत आणि पुण्यातही दाखल झाला. मुंबईत तो एरवी ११ जूनच्या सुमारास येतो. रोहिणी नक्षत्र नुकते लागले होते. पंचांगात प्रत्येक पर्जन्यनक्षत्राला वाहन दिलेले असते, बेडूक, हत्ती, मोर, गाढव, कोल्हा असे, आणि त्यावरून पाऊस किती हे ठरते. आजींनी चष्मा लावून मृगाचे वाहन बघायला पान काढेपर्यंत कुंड्यांतून पाणी वाहू लागले होते. आठवडाभर काका छत्री घेऊन कुंड्या आडोशाला नेत होते. जाळीने आता फक्त पाणी गाळून दिले.

यातून दोडका आणि दुधी मात्र झकास वाढले. वेल टाकीवर चढले, तिथून सेक्रेटरींच्या डिश अँटेनावर. फुले भरपूर, फळ एकही नाही. या वर्गातल्या वेलींना आधी नरफुले येतात आणि गळून जातात. मादीफूल मागून येते, त्याच्या देठाशी इवलेसे फळ असते, आणि परागीभवन झाले नाही तर तेही पिवळे पडून गळते. पाचव्या मजल्यावर मधमाशीने यावे कशाला? काका रोज सकाळी सात वाजता स्तोत्रे आटोपून पाहणीला जात आणि मिटलेली फुले बघून परत येत. कारण दुधीचे पांढरे फूल उमलते ते संध्याकाळी. दोडक्याचेही कलत्या उन्हाला.

मग रंगकामाचा ब्रश घेऊन, नरफुलाचे पराग मादीफुलाला लावायला, काका दिवेलागणीला वर निघाले. आजींनी दारातच अडवले.

"तिन्हीसांजेला झाडाला हात लावू नये. झाडं झोपलेली असतात."

"आई, हे फूल आत्ताच जागं होतं."

आजी निरांजन हातात घेऊन थोडा वेळ विचारात पडल्या. असा प्रसंग शास्त्रकारांपुढेही आला नसावा. "मग फुलाला लाव. पानाला धक्का लावू नको. आणि आधी क्षमा माग."

तेव्हापासून त्या घरी संध्याकाळची आरती दोन ठिकाणी होई. खाली घंटा वाजे आणि वर काका वेलापुढे हात जोडून, ब्रश कानावर लावून उभे असत. पहिला दुधी धरला त्या दिवशी त्यांनी अख्ख्या विंगला बघायला बोलावले. पहिल्या मजल्यावरच्या मुलाने बोट दाखवून विचारले, "हाच का?" कोवळ्या फळाकडे बोट दाखवले की ते झडते, ही समजूत सर्वांना ठाऊक असते, मुले सोडून. दुधी तीन दिवसांत झडला. कृषी विद्यापीठातला माणूस फळमाशी म्हणाला असता. आजींनी तुटकी चप्पल आणि काळी बाहुली टांगली. काकांनी कामगंध सापळाही टांगला. पुढचे दुधी टिकले, आणि श्रेय कोणाचे यावर घरात आजही दोन पक्ष आहेत.

आता वांगी. या सगळ्या उद्योगाचा मानबिंदू म्हणजे मांजरी गोटा, पुण्याजवळच्या मांजरीचे नाव मिरवणारे काटेरी, गोल, भरल्या वांग्याचे वांगे. बी टाकले ३० मार्चला, पाडव्याच्या दिवशी. रोपे तयार व्हायला पाच-सहा आठवडे. लावणीनंतर पहिले फळ यायला दोन महिने. काकांनी भाच्याच्या लग्नपत्रिकेवर बाण काढून तारीख लिहिली होती, जुलैचा दुसरा आठवडा. जीवामृत, पाऊस, कबुतरे, सगळे सोसून रोपांनी तारीख पाळली. बँकेच्या कर्जदारांनीही इतकी कधी पाळली नव्हती.

आणि ६ जुलैला होती आषाढी एकादशी. चातुर्मास सुरू.

चातुर्मासात या घरी वांगे येत नाही. कांदा-लसूणही नाही, घेवडा, चवळी, मुळा यांच्याबद्दल घराघरांत मतभेद आहेत, वांग्याबद्दल फारसे नाहीत. म्हणून तर आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, लोक कांद्याची थालीपिठे, भजी आणि वांग्याचे भरीत करून चार महिन्यांचे एकदम खाऊन घेतात. त्या नवमीला काकांच्या झाडांवर जांभळी फुले होती. बारीक हिरवे गोळे दोन-तीन. काकू मंडईतून वांगी घेऊन आल्या.

"पाडव्याला पेरताना कोणीच कसं बघितलं नाही?" काका कळवळून म्हणाले.

"मी बघितलं होतं," आजी म्हणाल्या. "पण तू विचारलं होतंस मुहूर्त. खायचं कधी ते विचारलं नव्हतंस."

यावर उपाय पंचांगातच आहे, तो असा की अधिक महिन्याच्या वर्षी पेरावे. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक, त्यामुळे पाडवा १९ मार्चला आणि आषाढी थेट २५ जुलैला. मधे चार महिन्यांहून जास्त. वांगे आरामात पिकते, खाऊन होते आणि कांदेनवमीलाही उरते. भागाकार येणाऱ्या काकांनी हे लगेच काढून फाईलला लावले. पण समोरच्या झाडांना ते कसे समजवायचे?

एकादशीच्या आधी काका वारीतही गेले होते. म्हणजे पुणे ते सासवड, दिवे घाट चढून. पुढची वाट ते दरवर्षी टीव्हीवर चालतात. जाताना काकूंना पाणी घालायला सांगून गेले. आजींनी त्यांना सावता माळ्याची गोष्ट ऐकवली, लहानपणी ऐकवत तशीच. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे सावतोबा पंढरपुराच्या इतक्या जवळ राहून मळा सोडून वारीला गेले नाहीत. भाजीतच त्यांना विठ्ठल दिसे. कथा सांगते की नामदेवांना चुकवून विठ्ठलच त्यांच्या मळ्यात आला आणि लपायला जागा मागू लागला, तेव्हा सावतोबांनी खुरप्याने छाती उघडून त्याला आत घेतले. सावतोबांची समाधी १२९५ ची. इतर संतांच्या पालख्या पंढरपुरी जातात, आणि विठ्ठलाची पालखी अरणला येते.

"म्हणजे मी जाऊ नको म्हणतेस?" काका म्हणाले.

"जा की. तुझ्या गच्चीवर येऊन लपायची विठ्ठलाला काही घाई नाही. जीवामृताचा वास अजून आहे."

चातुर्मासभर झाडे वांग्यांनी लगडली. इतकी की परातीत मावेनात. ज्या झाडांना मार्चपासून जपले, त्यांच्यावरची फळे हे घर हात न लावता, म्हणजे हात लावून पण चव न घेता, वाटत होते. तिसऱ्या मजल्यावरचे ख्रिस्ती कुटुंब मूळचे गोव्याचे. त्या बाई परात बघून म्हणाल्या, "काका, आमचा उपवास ईस्टरला संपला. द्या सगळी." त्यांनी घरात भरली वांगी केली, त्याचा लसणीचा वास बरोबर दोन मजले वर आला. काका त्या संध्याकाळी ब्रश घेऊन नेहमीपेक्षा बराच वेळ गच्चीवर थांबले.

गणपतीत एकदा भाग्य उजळले. ऋषिपंचमीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचे काही चालत नाही. अळू, माठ, भेंडी, पडवळ, दोडका, भोपळा, जे लागेल ते बैल न लावता पिकलेले हवे. बाजारात भाजीवाल्या मावशी ते शपथेवर सांगतात आणि दर दुप्पट लावतात. काकांची भाजी मात्र निःसंशय पात्र होती. पाचव्या मजल्यावर बैल नेण्याला सेक्रेटरींनी परवानगी दिलीच नसती. विंगेतल्या सात घरांनी दोडके नेले. कष्ट कोणाचे, हे आजींनी कोणालाच सांगितले नाही, पण काकूंनी पाठीला मलम लावून घेताना सांगितले.

चातुर्मास संपला तरी या घरी वांगे येते ते मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून. त्या वर्षी ती २६ नोव्हेंबरला होती. तोवर झाडे थकली होती. शेंडे पोखरणारी अळी शेंड्यात, आणि वर फळ एकच, तेही आत अळी राहत असलेले. काकू पिशवी घेऊन मंडईत गेल्या. आठ महिने ज्या भाजीसाठी घराची लग्नपत्रिकांपासून बेसनापर्यंत नासाडी झाली, ती भाजी तराजूत घालून पैसे मोजून आणली. भरीत झाले, तळी उचलली, येळकोट येळकोट जय मल्हार झाले.

इतक्यात दार वाजले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई काचेची बरणी घेऊन उभ्या होत्या. वांग्याचे लोणचे, गोव्याकडच्या पद्धतीचे, लालभडक, लसूण घातलेले. "तुमच्याच गच्चीवरची वांगी, काका. श्रावणातच घालून ठेवलं होतं. तुमचा उपवास आज सुटतो असं काकू म्हणाल्या."

काकांनी बरणी दोन्ही हातांनी घेतली आणि थेट देवघराकडे निघाले. "आई, ही घरची वांगी! हीच दाखवू नैवेद्याला?"

आजींनी झाकण काढून वास घेतला. आंबट, झणझणीत, नाकात जाणारा.

"खंडोबाला तिखट चालतं," त्या म्हणाल्या. "व्हिनेगर चालतं का, ते बघायला पाहिजे. आण बघू पंचांग."